पडद्यावरचे पुढारी
(द्वितीय वर्ष कला)

“सिनेमा पाहून पोरं बिघडतात,” असे आमच्या भंडारदऱ्याकडची वडीलधारी माणसे अजूनही म्हणतात. गंमत अशी, की असे म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी तरुणपणी यात्रेतल्या तंबूत जमिनीवर फतकल मारून सिनेमे पाहिलेले असतात. माझे आजोबा त्यांतलेच. शाळेची पायरी ते कधी चढले नाहीत. पण कोणत्या सिनेमात कोणी कोणाला कसे वाचविले, हे ते आजही हातवारे करून सांगतात. तेव्हा सिनेमा माणसाला काही ना काही शिकवितो, हे तर उघडच आहे. प्रश्न एवढाच, की काय शिकवितो?

या प्रश्नाला निमित्त झाले ते राज्यशास्त्राच्या तासाचे. “नेतृत्व म्हणजे काय?” असा प्रश्न सरांनी विचारला. आम्ही पुस्तकातल्या व्याख्या धडाधड म्हणून दाखविल्या. सर हसले आणि म्हणाले, “व्याख्या पाठ झाल्या. आता माणसे पाहू.” मग त्या सत्रात दर शनिवारी दुपारी महाविद्यालयाच्या सभागृहात पडदा लागू लागला. आरंभी गर्दी झाली, कारण सगळ्यांना वाटले मारामारीचे चित्रपट असतील. तिसऱ्या शनिवारी तीस-पस्तीस जण उरलो. आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. त्यामुळे फुकट मिळणारे काहीही सोडायचे नाही, असा माझा बाणा! मी शेवटपर्यंत बसले.

नेता, नायक आणि अभिनेता हे तिन्ही शब्द संस्कृतातील ‘नी’ या एकाच धातूपासून आलेले आहेत, असे आमच्या मराठीच्या बाईंनी सांगितले तेव्हा मला मोठी मौज वाटली. ‘नी’ म्हणजे नेणे. नेता लोकांना कुठेतरी नेतो, नायक कथा पुढे नेतो आणि अभिनेता आशय आपल्यापर्यंत आणून पोहोचवितो. म्हणजे पडद्याचे आणि पुढारीपणाचे नाते आजचे नाही, ते शब्दांच्या मुळातच आहे. परंतु नेणाऱ्याला एक प्रश्न विचारलाच पाहिजे : बाबा रे, तू आम्हांला नेतोस तरी कुठे? आणि परत आणून सोडणार की नाही?

बहुतेक चित्रपट हा प्रश्न विचारूच देत नाहीत. २००१ साली आलेला ‘नायक’ हा हिंदी चित्रपट आमच्या वयाच्या मुलांनी दूरदर्शन संचावर दहादा पाहिला असेल. एक वार्ताहर एका दिवसासाठी मुख्यमंत्री होतो आणि भ्रष्ट अधिकाऱ्यांना धडाधड निलंबित करीत सुटतो. पाहताना अंगावर रोमांच उभे राहतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु चित्रपट संपल्यावर मनात राहते काय? तर असा कोणीतरी यावा आणि त्याने एका दिवसात आपले सगळे करून टाकावे, ही आशा. आपण मात्र टाळ्या वाजवायच्या! मला वाटते, या एका सवयीने आपल्या देशाचे जेवढे नुकसान केले असेल, तेवढे लाचखोरांनीही केले नसेल. वाट पाहणाऱ्या माणसाला विचार करावा लागत नाही.

आमच्या भंडारदऱ्याला तर हे नायक प्रत्यक्ष पाहावयास मिळतात. जलाशय, धबधबे, पावसाळ्यातले धुके यांमुळे येथे अधूनमधून चित्रीकरणाच्या गाड्या येतात. माझे बाबा एकदा अशाच एका चित्रीकरणात चार दिवस सामान वाहण्याच्या कामाला होते. घरी येऊन ते सांगू लागले, “नट ओढ्यापर्यंत येतो, मग त्याच्यासारखे कपडे घातलेला दुसराच गडी ओढ्यात उडी मारतो. पलीकडून पुन्हा नट चालू लागतो.” आम्ही पोट धरधरून हसलो. बाबांना मात्र त्या गड्याचे वाईट वाटत होते. त्याचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे प्रत्येक चित्रपट पाहताना मला त्या गड्याची आठवण होऊ लागली. ओढ्यात उडी मारली कोणी आणि पलीकडे हार घालून घेतले कोणी, हे पाहण्याची दृष्टी मला माझ्या न शिकलेल्या बापाने दिली असे म्हणावयास हरकत नाही.

सरांनी दाखविलेला पहिला चित्रपट होता व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’. १९५७ सालचा हा कृष्णधवल चित्रपट. एक तरुण जेलर सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर एका उजाड माळावर घेऊन जातो, त्यांच्याकडून शेती करवून घेतो आणि त्यांना माणसांत आणतो. ही कथा हवेतून आलेली नाही. गदिमांनी ती लिहिली, त्यामागे औंध संस्थानातला खराखुरा प्रयोग होता. बॅ. अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे खुली वसाहत उभी राहिली आणि तेथे कैदी भिंतींवाचून राहिले. या चित्रपटातल्या जेलरजवळ ना बंदूक, ना साखळदंड. त्याच्याजवळ आहेत फक्त दोन डोळे. त्या डोळ्यांत कैद्यांविषयी विश्वास आहे आणि तो विश्वास मोडायचा म्हटले की त्या दांडग्या माणसांचे पाय अडखळतात. धाकाने माणूस वाकतो, विश्वासाने तो उभा राहतो. हुकूम सोडणे सोपे आहे. दुसऱ्यावर विश्वास टाकणे हे धाडसाचे काम आहे, कारण त्यात फसण्याची तयारी ठेवावी लागते.

दुसरा चित्रपट होता ‘सामना’. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला आणि १९७५ च्या बर्लिन महोत्सवात दाखविला गेलेला. हा पाहताना मी खुर्चीवर सावरून बसले. कारण यात साखर कारखाना आहे आणि साखरेशी आमच्या गावाचा संबंध फार जुना आहे. वाचकांपैकी जे खालच्या तालुक्यांतले आहेत त्यांना हे चटकन कळेल. आमचे धरण बांधावयास १९१० साली सुरुवात झाली आणि १९२६ साली ते पुरे झाले. तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावाने त्याला विल्सन धरण म्हणू लागले. प्रवरेचे पाणी अडले ते आमच्या डोंगरात; भिजली ती संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडची शेते. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांसारख्या शेतकऱ्याने गावोगाव फिरून माणसे जोडली, धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाची त्यांना साथ मिळाली आणि १९५० साली लोणीला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. अल्पशिक्षित शेतकरी आणि विद्वान प्राध्यापक एका कामाला जुंपले गेले, हे आपल्या जिल्ह्याचे केवढे मोठे भाग्य! नेतृत्वाचा हा धडा कोणत्याही चित्रपटापेक्षा कमी नाही.

‘सामना’ त्याच उसाची दुसरी बाजू दाखवितो. चित्रपटातले गाव आणि कारखाना काल्पनिक आहेत. पण हिंदुराव धोंडे पाटील हा माणूस मुळीच काल्पनिक वाटत नाही. निळू फुल्यांनी तो असा उभा केला आहे, की त्याचा राग येतो आणि त्याच वेळी त्याचे कौतुकही वाटते. त्याने गावात कारखाना आणला, रस्ते आणले, लोकांना काम दिले. सगळे गाव त्याच्या शब्दाबाहेर नाही. अशा गावात एक दारूडा, कफल्लक मास्तर येतो. डॉ. श्रीराम लागूंनी केलेला. त्याच्यापाशी सत्ता नाही, पैसा नाही, धड शुद्धही नाही. आहे तो एकच प्रश्न : मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले? तो हा प्रश्न सोडीत नाही. भल्याभल्यांनी गिळलेला प्रश्न तो विचारीत राहतो आणि अखेर हिंदुरावाचे साम्राज्य त्या प्रश्नानेच हादरते. चित्रपट संपल्यावर आमच्यात वाद झाला, की या चित्रपटातला नेता कोण? बहुतेक मुले म्हणाली, अर्थातच हिंदुराव. मला विचाराल तर, ज्याने विकास केला तो कर्तबगार खरा. पण ज्याच्या गावात प्रश्न विचारावयास दारू प्यावी लागते, त्याला नेता म्हणावे काय?

तिसऱ्या चित्रपटाने आम्हां मुलींना गप्प केले. ‘उंबरठा’, १९८२ सालचा. स्मिता पाटीलने साकारलेली सुलभा महाजन घर, नवरा, लहान मुलगी मागे ठेवून एका महिलाश्रमाची अधीक्षक होते. तिला तेथे सुधारणा करावयाच्या असतात आणि प्रत्येक सुधारणेच्या आड कोणाचा तरी स्वार्थ असतो. शेवटी आश्रमही सुटतो आणि घरही तिचे राहिलेले नसते. आमच्या वर्गातली एक मुलगा म्हणून वाढविलेली, मोठी धीट मैत्रीण, बाहेर आल्यावर ती एवढेच म्हणाली, “पुरुषाला पुढारी व्हायला घर सोडावं लागत नाही.” यावर काय बोलणार? तेव्हापासून मी एक लक्षात ठेवले आहे, की नेतृत्वाची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. तीच गोष्ट करायला एकाला सभा लागते, दुसरीला उंबरठा ओलांडावा लागतो.

मात्र माझ्या मनात घर करून बसला तो श्याम बेनेगलांचा ‘मंथन’. गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून १९७६ साली हा चित्रपट काढला. म्हणजे ज्यांची कथा, तेच तिचे निर्माते! जवळजवळ अर्धशतकानंतर, २०२४ साली, तो नव्याने दुरुस्त होऊन कान महोत्सवात दाखविला गेला. डॉ. राव हा शिकलेला पशुवैद्य खेड्यात येतो आणि दुधाची सहकारी संस्था उभारू पाहतो. त्याच्या आड खासगी दूधवाला येतो, सरपंच येतो, जात येते. राव प्रामाणिक आहे, हुशार आहे, गावाचे भले व्हावे ही त्याची तळमळ खरी आहे. आणि तरीही शेवटी त्याची बदली होते व तो निघून जातो. आगगाडी सुटते. प्रेक्षकाला वाटते, संपले सारे. पण ज्या भोलाने आरंभी या शहरी बाबूवर मुळीच विश्वास ठेवला नव्हता, तो अडाणी, तापट, दलित वस्तीतला भोला संस्था पुन्हा उभी करावयास निघतो. नसिरुद्दीन शाहचा तो भोला मी कधीही विसरणार नाही.

डॉ. राव मोठा की भोला? सरांनी विचारले तेव्हा वर्गाचे दोन तट पडले. मला मात्र त्या वादात भाग घेता आला नाही, कारण माझा प्रश्न वेगळाच होता. मी कोण? राव की भोला?

हे समजावयास आमच्या वाडीची हकीकत थोडी सांगितली पाहिजे. आमच्याकडे पाऊस इतका, की शेजारच्या घाटघरला लोक नगर जिल्ह्याची (आता अहिल्यानगर) चेरापुंजी म्हणतात. खाली अकरा टीएमसीचा जलाशय पसरलेला. पर्यटक त्याचे फोटो काढतात. आणि त्याच जलाशयाच्या वर, डोंगराच्या कुशीत आमची वाडी एप्रिल-मे महिन्यांत हंडाभर पाण्यासाठी विहिरीच्या काठावर रात्र काढते. डोळ्यांना पाणी दिसते, ओठांना लागत नाही. गेल्या उन्हाळ्यात विहिरीवर भांडणे जुंपू लागली, तेव्हा माझी चुलती पुढे झाली. काकीला सही येत नाही, अंगठा उठविते. तिने भाषण केले नाही. तिने आधी घरे मोजली. ज्या घरात तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस, त्याची पाळी पहिली. बाकीच्यांची ओळीने. रात्री दोघीदोघींनी विहिरीवर राखण करायची. स्वतःचे घर तिने सर्वांत शेवटी लावले. तेथेच भांडण मिटले! कारण जिने पाळी लावली तिचाच हंडा शेवटचा, हे दिसल्यावर तक्रार कोण करणार?

मग तेवीस बायका टँकरची मागणी घेऊन एका कार्यालयात गेल्या. अर्ज मी लिहिला होता. तेथल्या साहेबांनी विचारले, “तुमच्यातला पुढारी कोण?” काकी म्हणाली, “पुढारी कोनी न्हाई साहेब. तहानलेल्या समद्याच हायेत.” आणि मला पुढे ढकलून म्हणाली, “तू शिकलेली हाये, तू वाच.” मी वाचला. पाण्याचा टँकर पुढे आठवड्याने सुरू झाला. वाडीत मात्र भलतेच झाले. पाण्याचे श्रेय काकीला न मिळता मला मिळाले. “पोरगी साहेबापुढं फडाफडा बोलली,” असे जो तो सांगू लागला. ग्रामपंचायतीला उभे राहावयास वय एकवीस लागते, निम्म्या जागा बायकांसाठी आहेत, हे हिशेब आमच्या ओट्यावर बसून मोठी माणसे करू लागली. “अजून दोन वर्सं. मग आपली पोरगी उभी करू.”

कोणाला आवडणार नाही हे ऐकावयास? परंतु मला बाबांनी सांगितलेला ओढ्यातला गडी आठवत होता. ओढ्यात उडी काकीने मारली होती. पलीकडच्या काठावर कोरड्या कपड्यांत मी चालत होते. आमच्यासारख्या पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलामुलींची ही मोठी विचित्र अवस्था आहे. घराला, वाडीला वाटते, शिकलेला तो पुढारी. अर्ज लिहिता येतो, साहेबापुढे तोंड उघडता येते, म्हणजे सगळेच येते! आणि शिक्षण तर आम्हांला हळूहळू वाडीपासून दूर नेत असते. मी वसतिगृहात राहते. बी. ए. नंतर पुढे शिकावयास नाशिकला किंवा पुण्याला जायचे मनात आहे. म्हणजे मीही एक दिवस डॉ. रावांसारखी गाडीत बसणार. मग मागे काय उरणार? पुन्हा अर्ज लिहिणाऱ्याची वाट पाहणे?

आमच्या अकोले तालुक्यानेच याचे उत्तर दिलेले आहे, पण पिकते तिथे विकत नाही. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावठी भाज्यांची, वालांची, भाताची बियाणी जपली, घरातच बियाण्यांची बँक केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी बियाणे साठवून कुलूप लावले नाही. बायकांना वाटले आणि ते कसे राखायचे हेही शिकविले. बी वाटल्याने कमी होत नाही. नेतृत्वाचेही तसेच असावे. जो पुढारी आपल्यासारखी दुसरी दहा माणसे तयार करतो तो बी पेरतो. जो एकटाच मोठा होतो तो वडासारखा. सावली दाट, पण खाली दुसरे झाड वाढत नाही.

हे सुचल्यावर मी एक गोष्ट सुरू केली. सुट्टीत घरी गेले, की काकीची सून आणि वाडीतल्या दोन मुलींना घेऊन बसते. अर्ज कोणाच्या नावे लिहायचा, खाली तारीख कशी टाकायची, ग्रामसभेत ठराव मांडला तर तो इतिवृत्तात लिहिला की नाही हे कसे पाहायचे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठायचे नाही. आमचा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या कायद्याने तेथे ग्रामसभेला खास अधिकार दिलेले आहेत. ते कागदावर आहेत; पण जिला कागद वाचता येत नाही तिच्यापर्यंत ते कसे पोहोचणार? काकी अभ्यासाला बसत नाही. “माझं वय गेलं,” म्हणते. पण शेजारी भाकरी थापता थापता सगळे ऐकते आणि मध्येच विचारते, “आन् पोच दिली न्हाई तर?” सामन्यातल्या मास्तरांना शोभेल असा हा प्रश्न!

दिवाळीनंतर वाडीने विहिरीतला गाळ काढण्यासाठी अर्ज केला. तो मी लिहिला नव्हता. मला तो नंतर दाखविण्यात आला. ‘विनंती’ची वेलांटी चुकली होती आणि सही एका ठिकाणी दोनदा झाली होती. पण कोपऱ्यात आवक क्रमांकाचा निळा शिक्का स्वच्छ उठला होता. परीक्षेत पहिल्या वर्गाचे गुण मिळाले तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. गाळ अजून निघालेला नाही, हेही खरे. पण सून आता दर सोमवारी विचारावयास जाते आणि तिला माझी गरज पडत नाही.

तर चित्रपट आपल्याला नेतृत्व शिकवितात काय? माझे उत्तर असे, की ते शिकवीत नाहीत, दाखवितात. पाहायचे कसे, हे आपल्यावर आहे. एकाच पडद्यावर कोणाला हिंदुरावाची गाडी दिसेल, कोणाला मास्तरांचा प्रश्न दिसेल. चित्रपटाला अडीच तासांत सगळे उरकावे लागते, म्हणून तो मोठे क्षण निवडतो : गाडी सुटते, साम्राज्य कोसळते, जेलर प्राण देतो. खऱ्या पुढारीपणात असे क्षण थोडे आणि सोमवार फार. दर सोमवारी जाऊन तोच प्रश्न विचारणे याचा चित्रपट कोणी काढणार नाही. काढला तर चालणार नाही!

येत्या मे महिन्यात आमच्या शाळेच्या भिंतीवर ‘मंथन’ दाखवायचा, असे मी आणि दोन मैत्रिणींनी ठरविले आहे. सरांनी यंत्र देण्याचे कबूल केले आहे. आजोबा तर आत्तापासूनच विचारीत आहेत, की मारामारी आहे ना? मला उत्सुकता आहे ती काकीची. राव गाडीत बसून निघून जाईल तेव्हा ती काय म्हणेल, याचा मी पुष्कळ अंदाज केला. बहुधा ती म्हणेल, “गेला तर गेला. दूध कुठं थांबतंय!”